स्पीकरवरची शपथ

मुहैस्नाह, दुबई
१२ एप्रिल २०२०

भिकाजीदादास,

कागदावर लिहून त्याचा फोटो स्वप्नालीच्या मोबाईलवर पाठवतो आहे. तू माझा फोन घेत नाहीस, आणि तुझ्या त्या बटणांच्या फोनवर फोटो येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं या देशात चालत नाही, फोटो तेवढा जातो. तेव्हा तुझी पोरगी वाचून दाखवेल. तू वाडीचा मानाचा गावकर असशील, पण मध्येच उठून जाऊ नकोस. धाकट्या भावाचं एवढं तरी ऐक.

आईला मांगरात ठेवलंय हे खरं का रे?

मला आधी वाटलं, स्वप्नालीला काहीतरी वेगळंच म्हणायचं असेल. आंब्याखालचा तो मांगर आपण पेंढा आणि मोडकी अवजारं टाकायला बांधला. त्याला दार म्हणून झावळ्यांचा झाप आहे आणि आत लाइट नाही. त्यात तू म्हैससुद्धा बांधली नसतीस. आणि आता तिथे ठकुबाई राहते, गावकराची आई, आणि तिच्यापुढे चुन्याची रेघ मारलेली, रेघेवर ताट ठेवून तुम्ही लांब उभे राहता? पोरगी रडत सांगत होती म्हणून विश्वास ठेवला.

म्हणे रोशनने दुबईहून दुखणं आणलं आणि आधी आईला लावलं. कोणी ठरवलं? शिमग्याला मी रजेवर आलो तेव्हा इथे कामगारांच्या कॅम्पात कोणाला शिंकसुद्धा नव्हती. वाघजाईची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली, तेव्हा पहिल्या खांद्याचा मान आपल्या घराचा, आणि तूच मला पुढे ढकललंस. "दुबईवाल्या, दम आहे का अजून?" असं सगळ्यांसमोर म्हणालास. मी नाचवली पालखी. घरोघर नाचवली, घरोघर ओटी भरली, पाणी प्यायलो. आता तेच पाणी लोकांना आठवतंय. मी परत आलो, मागोमाग विमानं बंद झाली, मग गावात चार घरांत ताप आला आणि सुतारबाबा गेले. सुतारबाबा दम्याने किती वर्षं खाटेवर होते हे गावाला ठाऊक आहे. पण मेलेल्याला कारण लागतं, आणि मी समुद्रापलीकडे होतो, उलट उत्तर द्यायला नव्हतो.

खरं सांगतो, मला माहीत नाही. माझ्याबरोबर खोलीत राहणारा नोमान म्हणतो, अंगात काही न जाणवताही माणूस हे घेऊन फिरतो. तो रोज मोबाईलवर बातम्या वाचतो. त्याने हे सांगितल्यापासून मी पालखीचा एकेक दरवाजा आठवत बसतो. पण मी आणलं असेल तर मला शिक्षा करा. आईने काय केलं? मुलगा घरी आला म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिला घरात घे, दादा. हात जोडून सांगतो.

तुझा,
रोशन


मुहैस्नाह
२९ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. स्वप्नाली म्हणाली, बाबांनी सगळं ऐकलं आणि उठून गोठ्यात गेले. गोठ्यात जाऊन काय केलंस, म्हशीला माझं पत्र वाचून दाखवलंस?

आईचा खोकला गेला, ताप गेला, तालुक्याच्या डॉक्टरने लांबून का होईना बघितलं आणि साधी सर्दी म्हणाला. मग अजून ती मांगरात का? आता मला खरी भानगड कळली. तुम्ही देवीला कौल लावलात. गुरवाने देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, आणि गावकर म्हणून प्रश्न तू घातलास. "बाहेरचं माणूस, आणि बाहेरच्याला शिवलेलं माणूस, गावात घ्यावं काय?" डावी पाकळी पडली. झालं, नाही म्हणाली देवी. पण किती दिवस नाही, हे तुम्ही विचारलंच नाही! सरकारसुद्धा चौदा दिवस सांगतं. तू देवीकडून मुदत घ्यायला विसरलास, आणि आता एकदा दिलेला कौल परत लावायचा नाही म्हणून सगळे तोंडं बघत बसलात. एवढा शहाणा माणूस तू, खालच्या आळीतले बांधाचे तंटे सोडवणारा, आणि आपल्याच आईच्या वेळी एक शब्द कमी पडला तुझ्याकडे.

रागावू नकोस. राग मलाच आलाय, तो कुठे ठेवू कळत नाही म्हणून तुझ्यावर काढतो.

इथलं सांगतो, म्हणजे तुला कळेल की घाबरणारे तुम्ही एकटे नाही. कॅम्पात सगळ्या भाषांत बोर्ड लागलेत, हात धुवा, लांब राहा. एका खोलीत आम्ही दहा जण, वरखाली खाटा, लांब राहायचं म्हणजे भिंतीत शिरायचं. प्रत्येकाची भीती त्याच्या त्याच्या मुलखाची आहे. खालच्या खाटेवरचा दौलत खान पेशावरकडचा. दंडात ताईत, त्याला आजाराची भीती नाही, बसची आहे. ताप निघाला की कंपनीची पांढरी बस येते आणि माणसाला घेऊन जाते. कुठे, ते कोणी सांगत नाही. मल्याळी पोरं आलं-मिरीचं पाणी उकळतात, त्यांना त्यांच्या सरकारच्या सूचना पाठ आहेत. बंगाली लोक गमछा नाकाला बांधून झोपतात. नोमान कलौंजी चावतो आणि मलाही देतो, आणि मी त्याला आईने दिलेली सुंठ देतो.

रोज सकाळी सहाला सेफ्टी ऑफिसर कपाळावर ताप मोजायचं बंदुकीसारखं यंत्र धरतो. दौलत म्हणतो, "ओ रोशन भाई, मौत का टाइम अल्लाह के पास है, मगर इस बंदूक का टाइम छह बजे पक्का है." ज्याला कणकण वाटते तो त्याआधी पेप्सीचा गार डबा कपाळाला लावून उभा राहतो. आपण लहानपणी शाळा बुडवायला काखेत कांदा ठेवायचो ना, त्याच्या बरोबर उलटं. आम्ही हसलो त्या लोकांना.

नोमानचं गाव खाडीपलीकडचं. त्याचे वडील नूरुद्दीनचाचा आपल्याकडे मासळीचा टेम्पो घेऊन यायचे, आठवतात ना, आईला नेहमी एक बांगडा जास्त टाकायचे. त्यांनाही आपल्या वेशीवरून परत पाठवलंत म्हणे. ते दुबईहून आलेले नाहीत, त्यांच्या अंगात ताप नाही, पण मोबाईलवर कोणीतरी काहीतरी पसरवलं आणि तुम्ही मानलंत. नोमानला मी लाजत लाजत सांगितलं. तो म्हणाला, "रोशन, तू दुबईचा म्हणून बंद, अब्बा मुसलमान म्हणून बंद. मी तर दोन्ही आहे, माझ्यासाठी डबल गेट लावतील." आणि हसला. मला नाही हसू आलं.

आईला घरी आण. पाऊस तोंडावर आलाय, मांगराचं छप्पर गेल्या वर्षीच गळत होतं.

रोशन


दुबई
९ मे

दादा,

स्वप्नालीचा मेसेज मिळाला. शेवटी गावाने तोड काढली तर. म्हणजे गुरवाने काढली. ज्याच्यामुळे कौल लागला त्याने स्वतः देवीसमोर नारळ ठेवून सत्य करायचं, म्हणजे शपथ घ्यायची, मग नवा कौल लावता येतो. मी येऊ शकत नाही, म्हणून माझ्या नावाचा नारळ तू ठेवणार आणि मी फोनवरून बोलणार. रविवारी, सहाणेवर, सगळ्या वाडीसमोर, स्वप्नालीचा फोन स्पीकरवर. काय बोलायचं तेही लिहून पाठवलंय. "हे दुखणं माझ्या अंगात आजवर शिरलेलं नाही, आणि मी खोटं बोलत असेन तर वाघजाईने मला बघून घ्यावं." एवढं म्हटलं की आई घरात.

पहिल्यांदा तू माझ्यासाठी काही केलंस. हे गावाला पटवायला तुला किती बोलावं लागलं असेल ते मला कळतं, आणि तुला एवढं बोलता येतं हे मी विसरलो होतो.

पण हा रविवार नको. पुढचा ठेव. इथे ड्युटीचं जरा मागेपुढे झालंय. आमची खोलीही बदलली आहे. आता मोठा हॉल आहे, उंच छताचा, प्रत्येकाला वेगळी खाट, मध्ये चांगलं अंतर. जेवण जागेवर येतं, केळं आणि दही रोज. संध्याकाळी रोजे सोडणाऱ्यांना खजूर येतो तो आम्हालाही देतात. काम नाही. म्हणजे मजा आहे. तुला सांगितलं तर खोटं वाटेल, तीन-चार दिवस झाले, बांधकामावर मी एक खिळासुद्धा ठोकला नाही. नोमान आणि दौलत जुन्याच खोलीत आहेत, त्यांना सांभाळून राहायला सांगितलंय.

अक्षर वाकडं आलंय, खाटेवर पडून लिहितो आहे म्हणून.

शब्द थोडे बदलले तर चालतील का ते गुरवाला विचार. "आजवर"च्या ऐवजी "शिमग्याला मी आलो तेव्हा" असं म्हटलं तर? तेवढंच तर तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. सहज विचारतो.

रोशन


दुबई
१४ मे

चि. स्वप्नाली,

हे पत्र तुझ्या बाबांना वाचून दाखवू नकोस. वाच आणि मोबाईलमधून काढून टाक.

शब्द बदलायला गुरव नाही म्हणाला हे कळलं. "सत्याला सवलत नसते" म्हणाला, बरोबर आहे त्याचं. आणि गावात बोलणं सुरू झालं की रोशन का मागेपुढे करतोय. आजी रोज विचारते, "रोशन कदी बोलनार हाय?" तेही तू लिहिलंस. म्हणून तुला सांगतो. मला झालाय.

ज्यांना आम्ही हसलो होतो ना, त्यांच्यात मीही होतो. तीन दिवस गार डबा लावून लाइनीत उभा राहिलो. कोणाला सांगितलं नाही. दौलतला कळलं होतं, तो म्हणाला, "बोलना मत, बस ले जाएगी." चौथ्या दिवशी लाइनीतच खाली बसलो. पांढरी बस आली. नोमान बसच्या काचेपर्यंत धावत आला, त्याने माझा चार्जर दिला, ऑफिसर ओरडत होता, "यल्ला, यल्ला, पीछे जाओ". हा हॉल म्हणजे आजाऱ्यांचा हॉल आहे. डॉक्टर चांगले आहेत, मरणार वगैरे नाही मी. ताप उतरत आलाय. खोकला मात्र जात नाही.

हे मला इथे, कॅम्पात लागलं. मे महिन्यात. शिमग्याशी याचा काही संबंध नाही. हे तुला कळतं, तू बारावी सायन्सला आहेस. पण सहाणेवर बसलेल्यांना हे समजावून सांगशील? "रोशनला झालाय" एवढंच त्यांना ऐकू येईल, कधी झाला ते कोणी ऐकणार नाही. मग आई कायमची मांगरात. आणि बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकलाय, त्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तेव्हा मी खोटं बोलणार आहे. लहानपणापासून वाघजाईचं नाव घेऊन मी साधी चेष्टाही केलेली नाही. परांचीवर चढताना, उंचावर पट्टी ठोकताना, मनात तिचंच नाव असतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण देवी मला बघून घेणार असेल तर मला बघेल, आणि मी तिच्यासाठी तयार आहे. मांगर गळायला लागल्यावर आजीला कोण बघणार?

दोनच वाक्यं आहेत. आधी गरम पाणी पिईन, छाती शेकून घेईन. तू एवढंच कर, फोन नारळापाशी खाली ठेव, हातात धरून तोंडाशी आणू नकोस. माझा श्वास फार वाजतो.

काका


दुबई
१८ मे

दादा,

हे पत्र वाचायला तुला मांगरात यावं लागेल. मुद्दाम केलेलं नाही, दुसरा मार्गच राहिला नाही. स्वप्नालीचा फोन आता आईकडे आहे आणि तो परत घ्यायला कोणी तयार नाही. आईला वाचता येत नाही. तेव्हा तूच ये, आणि तिच्याजवळ बसून वाच.

कालचं तू समोरून पाहिलंस, मी नुसतं ऐकलं. मी ऐकलेलं तुला सांगतो.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा वाघजाय माते, आज ह्यो लेकरू समुद्रापलीकडसून तुज्यासमोर उभा हाय..." आणि सगळी वाडी म्हणाली, "व्हय महाराजा". इतक्या लांबून ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हॉलमध्ये खाटेवर मीही हळूच म्हणालो, व्हय महाराजा. शेजारचा नेपाळी वळून बघायला लागला. मग तुझा आवाज आला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. "बोल रोशन." एवढंच म्हणालास.

मी पहिलं वाक्य सुरू केलं. "हे दुखणं माझ्या अंगात" इथपर्यंत आलो. दादा, मी गरम पाणी प्यायलो होतो, टॉवेल तोंडाशी धरला होता. पण खोकला आलाच. एकदा आला की थांबत नाही, पोटापासून येतो. मी फोन लांब धरला तरी वाजतच राहिला. खोकत असताना मला तिकडचा आवाज ऐकू येत होता. चपला घासत मागे सरल्याचा, मग पळल्याचा. कोणीतरी ओरडलं, "फोन झाका! फोन झाका आदी!" स्वप्नालीने नंतर तुझ्या फोनवरून सांगितलं की माणसं फोनपासून मागे सरत सरत पार वडाच्या पारापर्यंत गेली, म्हाताऱ्या बायकांनी पदर नाकाला लावले, आणि गुरव नारळ तिथेच टाकून उठला. दुबईत खोकणाऱ्या माणसाला घाबरून. मला हसू यायला हवं होतं. मी रडत होतो.

मग पावलं आली. सगळी लांब जात असताना एकाच माणसाची जवळ आली. आई सहाणेपासून लांब, आंब्याखाली बसून ऐकत होती हे मला ठाऊकच नव्हतं. दीड महिना तिने ती रेघ ओलांडली नव्हती, तुम्ही म्हणालात तसं निमूट राहिली. कोणीतरी ओरडलं, "ठकुबाय, थांब!" तू म्हणालास, "आई, नको." हे मी ऐकलं. ती थांबली नाही.

"रोशन? बाला, ताप हाय काय रं तुला?"

मी टॉवेल आणखी घट्ट तोंडाशी धरला.

"खरा सांग. मी हाय. कदी धरना?"

सगळ्या गावासमोर, वाघजाईसमोर, मला तिच्याशी खोटं बोलता येईना. देवीशी खोटं बोलायची तयारी केली होती, हिच्याशी नव्हती केली. म्हणालो, "होय आई. इकडेच झाला. दोन आठवडे झाले." मग ती गावाकडे वळली असावी, कारण आवाज लांब गेला. "माजा पोर आजारी हाय. तुमी बसा कौल लावीत." आणि फोन हातात घेऊन चालायला लागली.

मांगरापर्यंत ती माझ्याशी बोलत गेली. पेज पी, मीठ घालून पी. गार पाण्याने डोकं भिजवू नको. रात्री पाणी कोण देतं? मी म्हणालो, देतात. "कोन देतंय?" मी उलट तिला तेच विचारलं, तुला कोण देतं? ती म्हणाली, "भिकाजी येतो. कुनाला सांगू नको. काळोख झाला की येतो, पानी ठेवतो, बाहेर बसतो. बोलत काय नाय. त्याला वाटतं मी झोपलेली असते."

दादा, मला हे माहीत नव्हतं. म्हशीला पत्र वाचून दाखवलंस का, असं मी तुला विचारलं होतं.

आता आईला घरी घे असं मी लिहिणार नाही. तुझ्या हातात ते राहिलं नाही, माझ्यामुळे राहिलं नाही. स्वप्नाली म्हणते तुझं गावकरपण काढून घेणार. घेऊ देत. छप्पर तेवढं शाकार.

रोशन


मुहैस्नाह
५ जून

दादा,

मी बरा झालो, कॅम्पात परत आलो. दौलतने मला मिठी मारली नाही, लांबून हात छातीवर ठेवला, "माफ करना यार" म्हणाला. खाट माझीच मिळाली. हे सगळं सावकाश लिहिणार होतो, पण आता वेळ नाही. तू वेशीवरच्या झाडाकडून परत आलास की हे वाचशील.

तुझा दुपारचा फोन झाल्यापासून मी लाइनवर आहे. आईला परवापासून ताप आहे आणि तुम्ही मला आज सांगता. कोणाकडून लागला म्हणायचं आता? मला तर माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स वेशीबाहेर येऊन उभी आहे, आणि वेशीवर तुम्ही एप्रिलमध्ये आडवं पाडलेलं ते आइनाचं खोड. ड्रायव्हर चालत यायला तयार नाही, आणि तिला उचलायला कोणी पुढे येत नाही. म्हणून तू एकटा कुऱ्हाड घेऊन गेलास. स्वप्नालीला तू रेघेबाहेर थांबवलंस हे बरं केलंस. जाताना आईच्या तोंडाशी फोन ठेवलास आणि म्हणालास, "मी येईपर्यंत तू हिच्याशी बोलत राहा." तू मला सांगितलेलं हे पहिलं काम आहे, मी करतो आहे.

भारतात परत नेणाऱ्या विमानाच्या यादीत माझं नाव नाही. नोमानने परत एकदा ऑफिसात विचारलं, "भाई, इन्शाल्ला अगले हफ्ते" म्हणाले. पुढच्या आठवड्याचं मी काय करू? नोमान माझ्या शेजारी बसलाय, त्याच्या रिचार्ज कार्डाचे पैसेही त्याने माझ्या नंबरवर टाकून दिले आहेत, माझे संपले तर लागतील म्हणून. तो मधून मधून ओठ हलवतो.

एका हाताने लिहितो आहे. मी तिला शिमग्याच्या गोष्टी सांगितल्या. तू मला पालखीखाली ढकललंस ते सांगितलं. मग काय बोलायचं ते संपलं, म्हणून साइटवर आम्ही फळ्या कशा बसवतो ते सांगितलं. तिने एकदा "हं" केलं. पेज पी, आई, असं मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं की तिथे द्यायला कोणी नाही.

मगाशी श्वास जोरात वाजत होता, आता हळू झालाय. हळू झाला म्हणजे बरं की वाईट, ते मला कळत नाही. लांबून तुझ्या कुऱ्हाडीचा आवाज येतोय असं मला वाटतं, पण इतक्या लांबचं फोनवर ऐकू येईल का? बहुतेक मला भास होतोय. लवकर ये. कोणाला तरी हाक मार, पाया पड, माझ्या नावाने शिव्या दे, पण माणूस घेऊन ये.

दादा, आता मला तिचा आवाज ऐकू येत नाही. पण लाइन चालू आहे, खालची मिनिटं सरकतायत. मी फोन ठेवत नाही.

रोशन